बत्तीस म्हणजे छत्तीस

खाला, माझ्या लग्नातला तुम्ही शिवलेला ब्लाऊज मी या उन्हाळ्यात उसवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. ब्लेड लावलं नाही. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलत गेले, तुम्ही शिकवलं होतं तसं. सगळा नाही, उजव्या खांद्याकडची अस्तराची शिवण तेवढी. तुमचे टाके अजून एका रांगेत, एका मापाचे होते. ते पाहून मला पूर्वीसारखं छोटं वाटलं नाही, आनंदच झाला, कारण आता असा टाका मीही घालते. हे तुमच्या तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "घालते मनते! दाखव बरं इकडं."

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी रोजची वही अजून लिहिते. त्यावरून तुम्ही चिडवायच्या, "हे पोट्टी दिवसाचा बी नाप घेते." तो स्वभाव काही सुटला नाही. एखादी गोष्ट घडली की ती चार वेळा उलटून, आतली बाजू बाहेर काढून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. या उन्हाळ्यात जे घडलं ते असंच उलटून पाहते आहे, आणि ते तुमच्यापर्यंत जातं, म्हणून आजचं पान तुमच्या नावानं.

राजुऱ्याचं तुमचं दुकान मला आजही बोटांनी आठवतं. रस्त्याला लागून एकच खोली, मध्ये हिरवा पडदा. पडद्याच्या पुढे बाकड्यावर बसलेल्या बायका, त्यांच्या सासवा, पायरीवर बिडी ओढत थांबलेले नवरे. पडद्यामागे तुमचे यजमान, आमचे चाचा, त्यांची कात्री आणि मापांची वही. आम्ही तिघी शिकाऊ मुली खिडकीखाली. मी गावाहून सात किलोमीटर सायकल मारत येते, इतिहासात बी.ए. झालेली आहे, आणि मनात अशी समजूत की महिनाभरात हे येऊन जाईल. पहिले पंधरा दिवस तुम्ही मला जुन्या चादरीवर नुसता धावदोरा घालायला लावता. रोज दुपारची नमाज झाली की येता, चादर दोन्ही हातांनी ताणता, दोरा तटकन तुटतो आणि तुम्ही काही न बोलता निघून जाता. सोळाव्या दिवशी दोरा तुटत नाही. तुम्ही मला उठवून मशीनवर बसवता, मागे उभ्या राहता, आणि तुमचे दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवून कापड पुढे सोडता. तुमचे तळवे गरम आणि कोरडे होते. कापड ढकलायचं नाही, ओढायचं नाही, त्याला जाऊ द्यायचं, हे मला शब्दांनी कुणी शिकवलंच नाही. ते तुमच्या हातांतून माझ्या हातांत आलं. आज माझ्या क्लासमधल्या मुली मोबाईलवर शंभर व्हिडिओ पाहून येतात, आणि मीही त्यांच्यामागे उभी राहून तेच करते. त्या दचकतात. मग कापड सरळ जायला लागतं.

माप घ्यायचं काम तुमचं, कापायचं चाचांचं. टेप बाईच्या अंगाभोवती तुम्ही फिरवायच्या आणि आकडा मोठ्यानं सांगायच्या, म्हणजे पडद्यामागे चाचा लिहून घेत. आता आकडा मोठ्यानं म्हटला की बाकड्यावरच्या बायका ऐकणार, सासू ऐकणार, पायरीवरचा नवराही ऐकणार. म्हणून तुम्ही दोघांनी कधीतरी, लग्न होऊन नवीनच दुकान टाकलं असेल तेव्हा, आपसांत एक ठरवून घेतलं होतं. छाती आणि कंबर, एवढ्या दोन मापांचा आकडा तुम्ही चार कमी सांगायच्या. चाचा कापताना चार वाढवून घेत. अगदीच किरकोळ अंगाची मुलगी असली तर दोन जास्त सांगायच्या, पण आधी "माशाल्लाह" म्हणायच्या, म्हणजे चाचांना कळायचं की इथे वजा करायचं आहे. हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही. बाकीच्या दोघी पाहून पाहून समजल्या होत्या. मी पदवीधर, जे ऐकलं ते लिहिलं.

चाचा भाचीच्या लग्नाला आदिलाबादला गेले होते तेव्हाची गोष्ट. एक शाळेतल्या बाई सावली गावाहून आलेला कोशाच्या रेशमाचा तुकडा घेऊन आल्या. हातमागाचा, मधाच्या रंगाचा, त्यांच्या सासूनं दिलेला. त्याच्यासारखा दुसरा मिळणं शक्य नव्हतं. तुम्ही माप घेतलं, "छाती बत्तीस" म्हणालात, मी वहीत बत्तीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ताप होता. घरातून निरोप आला, कोशाचा कागदी नमुना तेवढा आखून ठेव. मी आखला. मग हातातली कात्री थांबेना आणि कोसाही कापून टाकला. बत्तीसचा. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, टेबलावरचे तुकडे उचलले, आपल्या छातीशी धरून पाहिले आणि ते तसेच खाली ठेवले.

"हे काय कापून राह्यली तू?"

"तुम्हीच सांगितलं होतं, बत्तीस. वहीत आहे."

"वहीत आहे!" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी उभी राहिले. "बाई तुह्यासमोर उभी होती का नाई? दहा मिनिटं उभी होती. ते बाई तुले बत्तीसची दिसली? तुनं वही पाह्यली, बाई नाई पाह्यली."

बाकीच्या दोघी खाली मान घालून हसत होत्या. एक म्हणाली, "खाला, कॉलेजात बाई पाहाले नाई शिकवत." तुम्हालाही हसू आलं, पण तुम्ही ते दाबलंत. माझे कान तापले. मी म्हटलं, मी त्या बाईंना खरं सांगते, माफी मागते. तुम्ही म्हणालात, माफी शिवून दे तिला, अंगात घालीन ते. मग तुम्ही दिवसभर बसून तो ब्लाऊज वाचवला. कोपरापर्यंतच्या बाह्या आखूड केल्या, उरलेल्या कापडाच्या उभ्या पट्ट्या काढल्या आणि बगलेपासून कमरेपर्यंत दोन्हीकडे अशा बसवल्या की जोड दिसण्याऐवजी ती नक्षी दिसावी. शाळेतल्या बाई आल्या, घालून आरशापुढे उभ्या राहिल्या. तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "हात वर करा. वरच्या फळीवरचं मडकं उतरवा." त्यांनी दोन्ही हात वर केले. कुठे ओढलं नाही, कुठे वर सरकलं नाही. पट्ट्यांवर हात फिरवत त्यांनी विचारलं, हे काय नवीन? तुम्ही डोळाही न हलवता म्हणालात, "नागपुरात आता हेच चालू आहे."

त्यानंतर राजुऱ्यातल्या निदान सहा मास्तरणींनी तसल्या पट्ट्या मागितल्या. मी मात्र आठवडाभर अस्वस्थ होते. शेवटी म्हटलंच, "खाला, ते खोटं झालं. आणि तो चार कमीचा आकडाही खोटाच." तुम्ही सुईत दोरा ओवत होता. "ब्लाऊज बसला का नाई?" "बसला." "मग खोटं कुठी आहे, सांग. बाहेर जे बोलली ते हवेत गेलं. जे शिवलं ते छत्तीसचंच हाय." मी त्या दिवशीच्या पानावर लिहून ठेवलं आहे: माझा क्लास निघेल तेव्हा असलं काही नसेल.

आणि खाला, तसंच केलं. चंद्रपुरात पहिल्या मजल्यावर हॉल घेतला, दहा मशिनी, एक पुतळा, भिंतभर आरसा. भरजरी पोशाखांचं बारीक काम शिकवते. मांजरपाटावर आधी कच्चा ब्लाऊज, मग अंगावर बसवून खुणा, मग उसवून पुन्हा, मग खरं कापड. हाताचे टाके, आतली बाजू बाहेरच्याइतकीच स्वच्छ. मुली गोंडपिपरीहून, मूलहून, थेट सिरोंच्याहून येऊन खोल्या घेऊन राहतात. माझं काम चांगलं आहे, हे मी आता संकोच न करता लिहू शकते. पहिल्या दिवशी मी बोर्डावर सगळ्यांची मापं मांडते. आपल्या शरीराचा आकडा सांगायला कुणी लाजू नये, म्हणून सगळ्यांत आधी स्वतःची लिहायचे. छाती, कंबर, बाही, खांद्याचा उतार. मग जोड्या करायच्या, एकीनं दुसरीचं माप घ्यायचं आणि मोठ्यानं सांगायचं. वातावरण हलकं व्हावं म्हणून त्याआधी तुमची गोष्ट सांगायचे. पडदा, चाचा, माशाल्लाह, सगळं तुमच्या आवाजात. मुली पोट धरून हसायच्या. मग मी म्हणायचे, "ती पिढी तशी होती. आपल्याला लपवायचं काही नाही." बारा बॅचना ही गोष्ट सांगितली. दर वेळी हशा तिथेच पिकला.

होळीनंतरच्या बॅचला माजरीहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नवरा खाणीत. दाराजवळची खुर्ची धरून बसलेल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. मुली कॉलेजच्या, त्यांनी लगेच काकू म्हणायला सुरुवात केली. मी तुमची गोष्ट सांगितली, सगळ्या हसल्या, त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, खेड्यातली बाई, पहिला दिवस. जोड्या केल्या. त्यांच्या जोडीदार मुलीनं पदराखालून टेप नेली तशी त्यांनी टेप मुठीत धरली.

"काकू, सोडा न. कसं मोजू मी?"

"थांब वं. मले बाथरूमले जायचं हाय."

त्या गेल्या, चपला घालून गेल्या, आणि परत आल्या नाहीत. मी थोडी चिडलेच. वीस मिनिटांनी त्यांची जोडीदार दुसऱ्या जोडीत घातली आणि पुढे शिकवत राहिले. क्लास सुटल्यावर खुर्च्या लावताना त्यांची पिशवी दिसली. मापाला म्हणून आणलेला एक जुना ब्लाऊज त्यात होता. घडी करायला उचलला तर एक बाजू फुगलेली. आत डाव्या बाजूला तीन हातरुमाल गुंडाळून सेफ्टी पिनांनी टाचले होते. पिना गंजल्या होत्या, रुमालांवर घामाचे पिवळे डाग. तुमचा आवाज स्वच्छ ऐकू आला. चोवीस वर्षांपूर्वीचं तेच वाक्य. बाई माझ्यासमोर उभी होती, आणि मी बोर्ड पाहिला.

फोन केला तर त्यांनी उचलला नाही. दोन दिवसांनी माजरीची बस धरली. पिशवी परत द्यायची, एवढंच निमित्त. रजिस्टरमध्ये पत्ता होता. कॉलनीतलं क्वार्टर, दारात तुळस, पानांवर कोळशाची बारीक धूळ. त्यांनी दार उघडलं, पिशवी पाहिली, आणि त्यांना समजलं की मला समजलं आहे.

"पाह्यलं न मॅडम तुमी?"

"पाहिलं."

"बसा मग. चहा ठेवते."

चहा होईपर्यंत त्या पाठमोऱ्या बोलत राहिल्या. तसं त्यांना सोपं गेलं असावं. दोन वर्षांपूर्वी नागपूरला ऑपरेशन, डावी बाजू काढली. नागपूरहूनच एक रबरासारखं आणलं होतं, पण गरमीत ते चिकटते, जड लागते, त्याखाली पुरळ उठते, म्हणून डब्यात ठेवलं. तेव्हापासून अंगाबरोबर बसणारा ब्लाऊज घातलाच नाही. ढगळ घालायचं, वरून पदर. आता वैशाखात मुलीचं लग्न. "लग्नात शाल घेऊन बसीन मनलं," त्या म्हणाल्या, "तं पोरगी मनते, माय, वैशाखात शाल? लोकं तुले बह्याड मनतीन." त्या हसल्या, मीही हसले. चंद्रपूरचा वैशाख आणि शाल. मग त्यांचं हसणं थांबलं. "टेलरकडं जाऊन काय सांगू? कसं सांगू? मनून मनलं आपणच शिकू. आपल्या हातानं शिवू, आपल्यालेच माहीत राहीन. पोरीच्या लग्नात एक दिवस सरळ उभी राह्यली पाहिजे, बाकी काई नाई."

मी म्हटलं, परत या. त्यांनी कप खाली ठेवला. "माहा आकडा बी लिहान का तुमच्या त्या बोर्डावर? डावीकडं शून्य?"

मी पिशवी त्यांच्याजवळ ठेवून उठले. परतीच्या बसमध्ये मी स्वतःची बाजू घेऊन पाहिली, ती माझी सवयच आहे. मोकळेपणा वाईट का? त्या कॉलेजच्या मुलींना आपल्या अंगाची लाज वाटू नये, हे मी बारा बॅचमध्ये खरंच घडवलं आहे. ते मी आजही खोडणार नाही. पण माझा मोकळेपणा फक्त ज्यांना लपवायचं नाही त्यांच्याच उपयोगाचा होता. तुमच्या हिरव्या पडद्यापुढे मात्र कुणीही येऊन उभी राहू शकत होती. भद्रावती येईपर्यंत माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सांगितलं की आजपासून बोर्डावर कुणीच खरा आकडा लिहायचा नाही. प्रत्येकीनं आपला एक गुप्त आकडा ठरवायचा, तेवढा कमी किंवा जास्त सांगायचा, आणि कापताना आपला आपण जुळवून घ्यायचा. "काऊन मॅडम?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, पहिल्या दिवशी ज्यांची गोष्ट सांगून तुम्हाला हसवलं त्या माझ्या गुरू होत्या, आणि ती पद्धत चांगली होती, मला उशिरा कळलं. मुलींना तर खेळच मिळाला. सिरोंच्याची मुलगी तेलुगूत आकडे सांगायला लागली, धानोऱ्याची गोंडीत. एक काडीसारखी मुलगी बोर्डावर साठ इंची झाली. माझा निरोप गेल्यावर माजरीच्या बाई तिसऱ्या दिवशी आल्या, दाराजवळच बसल्या, आणि बोर्ड पाहून पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. त्यांचं माप मी स्वतः घेतलं. डावं वेगळं, उजवं वेगळं, पाठ वेगळी. आणि मोठ्यानं म्हटलं, "छाती चौतीस." हॉलमध्ये कुणी वळूनही पाहिलं नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, "खरा किती?" मी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून त्यांच्या मुठीत दिला.

दोन्ही बाजूंचा वेगवेगळा कागदी नमुना त्यांनी आखला, मांजरपाटावर कच्चा ब्लाऊज शिवला, तो बसलाही. अडलं ते आतल्या गादीवर. कापूस भरला तर चालताना गोळा होऊन खाली उतरे. फोम लावला तर गरम होई. हात वर केला की डावी बाजू सगळी गळ्याकडे चढे, कारण तिथे धरून ठेवायला वजन नव्हतं. चार वेळा केलं, चार वेळा त्यांनीच उसवलं. "पुन्हा करू न," म्हणायच्या, पण दिवस संपत चालले होते. लग्नाला अठरा दिवस राहिले तेव्हा त्या एकदा म्हणाल्या, "नाईच जमलं तं शाल हायच." हे त्यांनी चेष्टेनं म्हटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आतलं स्वच्छ काम कसं असतं ते दाखवायला मी माझा लग्नाचा ब्लाऊज क्लासमध्ये न्यायला काढला. तुम्ही दिलेला आहेर. तोही कोसाच होता, सावलीकडचा. इस्त्री करताना अंगठ्याला उजव्या खांद्यात काहीतरी जाड लागलं. डाव्यात नाही. नऊ वर्षांची असताना मी बैलगाडीवरून पडले, गळ्याजवळचं उजवं हाड गावातच बांधलं, ते वाकडं जुळलं. खांदा खाली राहिला. कॉलेजात मी पिशवी नेहमी त्याच खांद्यावर घ्यायचे, म्हणजे पिशवीनं झुकलाय असं वाटावं. तुमच्याकडे दोन वर्षं शिकले, तुम्ही कधी एक शब्द काढला नाही. मला वाटायचं, तुमच्या लक्षातच आलं नाही. लग्नाच्या फोटोंत माझे दोन्ही खांदे सारखे आहेत, आणि त्याचं श्रेय मी इतकी वर्षं फोटोवाल्याला दिलं. फोटोवाल्याला, खाला!

मी शिवण उसवली. आत जुन्या मलमलीचे सात थर, एकावर एक, प्रत्येक खालच्यापेक्षा थोडा लहान, पायऱ्यांसारखे. सगळे गोल गोल धावदोऱ्यानं एकत्र धरलेले, म्हणून गोळा होणं नाही. आणि ती गादी अस्तराला सगळीकडून शिवलेली नव्हती, फक्त तीन ठिकाणी, सैल टाक्यानं. म्हणजे हात वर केला की ब्लाऊज वर जाईल, गादी जागची हलणार नाही. सगळ्यांत आतल्या दोन थरांवर बारीक निळी फुलं होती. ती मी ओळखली. तुमची ओढणी. नमाजेआधी डोक्यावर घ्यायच्या ती, धुऊन धुऊन कागदासारखी पातळ झालेली. मी इस्त्री बंद केली. मग वही आणली आणि ती गादी थराथरानं कागदावर उतरवून घेतली.

माजरीच्या बाईंना दुसऱ्या दिवशी तशी गादी करायला शिकवली. वजनाचं त्यांनीच सुचवलं. "माही माय लेकरायच्या उशीत जवस भरे. थंड राह्यते, आन् अंगाच्या मागं मागं जाते." मधल्या दोन थरांत जवसाची छोटी पुरचुंडी, काढता-घालता येईल अशी. ही गोष्ट तुम्हालाही सुचली नसती, खाला, आणि ऐकून तुम्ही त्या बाईंना चहा पाजला असता. नवं कापड मात्र अंगाला टोचत होतं, टाक्यांच्या जागी कडा उठत होत्या. खूप वापरलेली मलमल हवी होती. मी घरी जाऊन तुमची गादी पुन्हा हातात घेतली. रात्रभर विचार करावा असं काही नव्हतं, हात आधीच चालू झाले होते. निळ्या फुलांचे थर मोकळे केले आणि दुसऱ्या दिवशी बाईंना म्हटलं, "हे जुनं कापड आहे, अंगाला लागणारा थर याचा लावा." त्यांनी बोटांत धरून पाहिलं. "किती नरम हाय! कोणाचं?" मी म्हटलं, "घरचंच."

लग्न माजरीतच झालं, सकाळच्या मुहूर्तावर, तरी मांडवात कुलर घोंघावत होते आणि कपाळावरचं कुंकू वितळत होतं. बाईंनी मोतिया रंगाच्या साडीवर स्वतः शिवलेला जांभळा ब्लाऊज घातला होता. पदर एकाच खांद्यावर. मी तिसऱ्या रांगेत, अक्षता मुठीत धरून, नवरीकडे न पाहता नवरीच्या आईच्या डाव्या बाजूकडे पाहत बसले होते. मुलगी उंच होती. तिच्या मुंडावळ्यांची गाठ सुटली तशी आईनं दोन्ही हात वर केले, टाचा उचलल्या, मुलीच्या डोक्यामागे गाठ बांधायला लागली. गाठ बसायला वेळ लागला. मडकं उतरवायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. ब्लाऊज वर गेला, खाली आला. आत काही हललं नाही. त्यांना ते कळलं, कारण हात खाली आणल्यावर त्यांनी पदर सावरला नाही, तशाच उभ्या राहिल्या, पाठ सरळ करून, आणि गर्दीतून मला शोधून काढून मान हलवली. मागून कुणी बाई दुसरीला म्हणाली, "नवरीची माय बिमार होती मनत होते न? काई तं दिसत नाई." खाला, तुमची ओढणी त्या मांडवात होती, आणि हे फक्त मला माहीत होतं.

त्यांना सांगायला हवं होतं का, हे मी अजून उलटून पाहते आहे. जिनं बारा बॅचना सांगितलं की लपवायचं काही नाही, तिनं "घरचंच" म्हणून वेळ मारून नेली. पण मग असंही वाटतं की ते खोटं नव्हतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही एवढंच विचारलं असतं, बसला का नाई. बसला, खाला.

तुमची गोष्ट मी अजून सांगते, आता हशासाठी नाही. माझ्या लग्नाचा ब्लाऊज मात्र परत शिवला नाही. उजव्या खांद्याची शिवण उघडीच आहे, गादीतले निळ्या फुलांचे थर माजरीला गेले. बाकीचे वहीत, या पानाच्या मागे, टाचणीनं लावले आहेत. हे पान फाडून मी कुठे पाठवणार?

एक राहिलं. वर लिहिलं आहे की पहिल्या दिवशी बोर्डावर आधी माझी मापं लिहायचे. छाती खरी लिहायचे, कंबरही खरी. खांद्याचा उतार मात्र दोन्हीकडे सारखाच लिहीत आले, बाराच्या बारा बॅचना, एकदाही हात न अडखळता. उजवा पाऊण इंच खाली आहे. तुम्हाला माहीतच होतं. मी आज पहिल्यांदा लिहिलं.